आठवी चकती

साहेब आले ते खोकं घेऊनच आले. दोन दिवसांच्या मुक्कामाला माणूस कपड्यांची पिशवी आणतो. साहेबांच्या पिशवीपेक्षा खोकंच मोठं होतं, आणि ते त्यांनी प्रवासभर मांडीवर जपून आणलं होतं. ताईने दार उघडलं तर "कशी आहेस" वगैरे काही नाही. "वाय-फाय चालू आहे ना?" हा पहिला प्रश्न.

साहेब म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. वय एकोणपन्नास, डोक्यावर केस मोजके, हुद्दा मोठा. पण साहेब हे नाव काही हुद्द्यामुळे पडलेलं नाही. चार वर्षांचा असताना तो फतकल मारून बसायचा आणि आईला फर्मावायचा, "पाणी आण." आई हसून म्हणायची, "आणते हं साहेब," आणि खरंच आणायची. सगळा घोळ तिथेच सुरू झाला. पण आता सांगायचं कुणाला? आईला जाऊन चौदा महिने झाले होते.

ताई अठ्ठावन्न वर्षांची, पुस्तकं बांधते. वाचनालयांतली फाटकी पुस्तकं गठ्ठ्यांनी तिच्याकडे येतात. ती ती उसवते, पुन्हा शिवते, पाठीला खळ लावते, शिकंज्यात दाबून ठेवते आणि वर नवा पुठ्ठा चढवते. जिचा सगळा जन्म कागदात गेला, तिला घर पाण्यापासून कसं जपायचं हे शिकवायला साहेब खोकं घेऊन आले होते.

त्यालाही कारण होतं. आईला शेवटचं दवाखान्यात हलवलं, तेव्हा स्ट्रेचरवरून तिचा एक हात खाली लोंबत होता. ताई तो हात धरून जिना उतरली आणि घराचा मुख्य नळ बंद करायचा राहिला. चौथ्या दिवशी ती एकटीच परत आली, तेव्हा सिंकखालचा पाइप सुटलेला, स्वयंपाकघरात घोटाभर पाणी, आणि खालच्या मजल्यावरच्या मास्तरांच्या छतावर हा एवढा तपकिरी डाग. त्याच संध्याकाळी साहेब पोचले. दारात बूट काढले, फुगलेल्या चौकटीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मुख्य नळ बंद करावा, एवढं साधं सुचलं नाही तुला?"

आई गेल्यावर त्यांनी ताईला उद्देशून काढलेले हे पहिले शब्द. ताईने ते ऐकून घेतले आणि फडकं आणायला आत गेली.

त्या दिवसापासून ती एका प्रश्नाची वाट बघत होती. फार मोठा प्रश्न नाही. आई सात वर्षं खाटेवर होती आणि सातही वर्षं ताई तिच्यापाशी एकटी होती. तर पाठच्या भावाने एकदा, फक्त एकदा, समोर बसून विचारावं, "कसं केलंस गं?" ती काही रडगाणं गाणार नव्हती. दोन वाक्यांत सांगून मोकळी झाली असती. पण आधी कुणीतरी विचारायला हवं ना? साहेब फोन करत, नाही असं नाही. लादी बसली का, चौकट बदलली का, मास्तर काही बोलले का. माणसांपैकी फक्त मास्तरांची चौकशी असे.

तर खोकं उघडलं. आत आठ पांढऱ्या चकत्या निघाल्या, बरणीच्या झाकणाएवढ्या. प्रत्येकीच्या पोटाला दोन धातूचे ठिपके. शिवाय भिंतीतल्या सॉकेटला लावायची एक डबी आणि जिन्याजवळच्या मुख्य नळाच्या दांड्यावर बसवायची एक मोटर.

"या दोन ठिपक्यांना पाणी लागलं," साहेब सांगू लागले, "की ही किंचाळणार. त्याच क्षणी माझ्या फोनवर निरोप येणार. आणि ही मोटर आपोआप दांडा फिरवून घराचं पाणी बंद करणार. तुला काही करायला नको."

"मी घरात असले तरी?"

"तू असलीस काय नि नसलीस काय, ती तिचं काम करणारच."

साहेब गुडघ्यावर बसून कामाला लागले. चकतीतली प्लास्टिकची पट्टी ओढायची, बटण दाबून धरायचं, निळा दिवा लुकलुकला की फोनवर तिचं नाव टाकायचं. बटण ताईने धरायचं, नाव साहेबांनी टाकायचं. सिंक. बेसिन. वॉशिंग मशिन. न्हाणीघर. संडास. गरम पाण्याची टाकी. गॅलरीतला नळ. प्रत्येक चकती जागेवर ठेवली की साहेब ओला चमचा टेकवत, चकती कानठळ्या बसतील अशी किंचाळे आणि साहेबांचा चेहरा उजळे. भावाला इतकं खूश ताईने पुष्कळ वर्षांत पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोला, तिलाही बरं वाटलं. दोघं भावंडं जमिनीवर रांगत होती आणि घरात आवाज होता.

सात झाल्या. आठवी उरली.

"ती राहू दे," ताई म्हणाली. "आणखी कुठे पाणीच नाही."

"आठ आहेत तर आठ लावायच्या," साहेब म्हणाले, आणि सरळ मागच्या खोलीत जाऊन त्यांनी ती खाटेखाली सरकवली.

"अरे, त्या भिंतीत पाइप नाही."

"तुला काय माहीत?"

ताईला काय माहीत! सात वर्षं ती त्या खाटेशेजारी जमिनीवर गादी घालून झोपत होती, त्या भिंतीला कान लावून. आई गेल्यावर त्याच खोलीत तिने आपलं बांधणीचं टेबल हलवलं होतं, शिकंजा ठेवला होता, आणि आता तीच त्या खाटेवर झोपत होती. साहेबांनी फोनवर लिहिलं, "आईची खोली".

"आता माझी आहे ती," ताई म्हणाली.

"मला कळलं पाहिजे ना कुठे ते. आईची खोली म्हटलं की लगेच कळतं."

लगेच कळतं म्हणे. त्या खोलीत काय चालायचं हे साहेबांना कणभर ठाऊक नव्हतं. सकाळी सहाच्या सुमाराला आईला जाग यायची. कपडे ओले, चादर ओली, कधी गादीतून झिरपून खाली लादीपर्यंत गेलेलं. आई आयुष्यभर कडक इस्त्रीची बाई. तिच्या तोंडून तो शब्द कधीच निघाला नाही. ती छताकडे बघत म्हणायची, "सांडलं गं." जणू हातातलं भांडंच कलंडलं होतं. ताई म्हणायची, "असू दे, पुसते." बस, एवढंच बोलणं. सात वर्षं, रोज. त्यानंतर कूस बदल, पुसून घे, चादर ओढ, लादी पूस, आणि मग दिवस सुरू. 'सांडलं' हा त्या दोघींचा शब्द होता. तिसऱ्या माणसाला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता.

संध्याकाळी साहेबांनी ताईच्या फोनवरही ते अ‍ॅप टाकून दिलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. ते गेल्यावर ताईने चष्मा लावून फोन उघडला. पडद्यावर निरोप होता: "तुम्हाला या घरात पाहुणा म्हणून जोडण्यात आलं आहे. या घरात तुमचं स्वागत आहे."

तिने तो दोनदा वाचला. खाली यादी होती. साहेब, मालक. भावजय, मालक. दोन्ही भाच्या, कुटुंबीय. एकीला आत्याच्या घराचा रस्ता सापडायचा नाही, दुसरी इथे जेमतेम तीन रात्री राहिलेली. आणि सगळ्यांत खाली ताई, पाहुणा.

तिने फोन लावला.

"अगं, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काय आहे?" साहेब म्हणाले. "कुटुंबीय केलं तर सेटिंग बदलता येतात. तुझ्या हातून चुकून काही दाबलं गेलं तर सगळं परत करत बसा. तुझ्या सोयीसाठीच केलंय."

मागच्या वेळच्या नळाबद्दल ते बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. ताईने फोन ठेवला. तिला राग आला होता. दुःखबिख नाही, चांगला सणसणीत राग. पण राग घेऊन कुठे जायचं हे तिला कधीच जमलं नव्हतं. ती टेबलाशी बसली आणि एका जाडजूड शब्दकोशाची पाठ शिवून काढली.

पुढचा महिनाभर घराला नवाच नियम लागला. लादी पुसताना फडकं चकतीच्या जवळून गेलं की किंकाळी, पाठोपाठ पाणी बंद, पाठोपाठ फोन. "काय झालं?" बेसिनवर तोंड धुताना दोन थेंब उडाले की फोन. "काय झालं?" मग साहेब तिकडूनच पाणी पुन्हा सुरू करत. आई होती तेव्हा साहेबांचा फोन पंधरवड्यातून एकदा यायचा, तोही चालता चालता, मागे गाड्यांचे आवाज. आता चमचाभर पाण्याला माणूस मिनिटाच्या आत हजर. पाहुणीने सांभाळून राहायला सुरुवात केली. नळ अर्धाच उघडायचा, चकत्यांना वळसा घालून पुसायचं, आंघोळ झाल्यावर स्वतःआधी लादी टिपायची. स्वतःच्या घरात ती चोरासारखी वावरू लागली आणि हे आपल्याला कधी जमलं, याचं तिलाच नवल वाटलं.

मग तो दिवस उजाडला. सकाळचे दहा वाजले होते. ताईने खळ शिजवून निववली होती, कोपरापर्यंत हात बरबटलेले होते, आणि कागद भिजवायचं पातेलं टेबलाच्या कडेला होतं. कोपर लागलं. पातेलं उलटलं, पाणी लादीवरून थेट खाटेखाली गेलं. आठवी चकती, जिला तिथे काही काम नव्हतं, जिवाच्या आकांताने ओरडली. बाहेर मोटर गुरगुरली. ताई हात धुवायला न्हाणीघरात धावली तर नळाने एक उसासा टाकला आणि तो कोरडा पडला.

करंगळी जरा स्वच्छ होती. तिने फोनवर 'पाणी सुरू करा' दाबलं. उत्तर आलं: "क्षमस्व. पाहुण्यांना ही परवानगी नाही."

साहेबांचा फोन बंद होता. ते विमानात. तिने भावजयीला लावला.

"ताई, मला त्यातलं काही कळत नाही हो," भावजय म्हणाली. "तेच बघतात सगळं. उतरले की सांगते."

मालकीणबाई त्या, पण त्यांनीही हात वर केले. ताई स्टुलावर बसून राहिली. खळ हातांवर वाळू लागली, कातडी ओढू लागली, बोटं मिटेनात. अकरा वाजता तिने पान्ह्याला बोलावलं.

पान्हा म्हणजे त्या गल्लीचा जुना प्लंबर. त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, तो स्वतःही फोनवर "पान्हा बोलतोय" असंच म्हणायचा. त्याने येतानाच बादलीभर पाणी आणलं आणि ताईचे हात धुवायला दिले. मग मोटर बघितली, फोन बघितला, यादी वाचली.

"पाहुणा कोण, तुम्ही?" तो हसला, आणि ताईचा चेहरा बघून थांबला. "ताई, या घरात बावीस वर्षं येतोय मी. पाहुणा म्हणायचंच तर मला म्हणा."

"काढता येईल का हे?"

"दोन स्क्रू आहेत नुसते. मालक ओरडतील पण."

"काढून टाकू नका. तिथेच लटकू दे. फक्त दांड्यावरून सोडवा. तिला फिरायचं ते फिरू दे."

पान्ह्याने तिच्याकडे एकवार बघितलं, मुकाट्याने दोन स्क्रू ढिले केले आणि हाताने दांडा फिरवला. नळ खोकला आणि पाणी आलं. मोटर आपल्या कडीला लोंबकळत राहिली.

साहेबांचा फोन संध्याकाळी आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. "बघितलंस? चार सेकंदांत पाणी बंद! सगळा रेकॉर्ड आहे माझ्याकडे. थांब, आता सुरू करतो." जिन्याजवळ मोटर हवेत फिरल्याचा आवाज आला. "आलं का पाणी?"

"आलं," दुपारीच सुरू झालेल्या नळाकडे बघत ताई म्हणाली.

"तरी म्हणत होतीस, त्या खोलीत चकती नको. बरं, मला एक सांग, आईच्या खोलीत सांडलं काय?"

एवढ्या वर्षांनी तो शब्द कुणीतरी त्या खोलीचं नाव घेऊन उच्चारला होता, आणि कुणी, तर साहेबांनी. "पाणी," ती शेवटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिला नेहमीप्रमाणे सहाला जाग आली. जुनी सवय, मोडली नव्हती. ती उठली, स्वयंपाकघरातून चमचाभर पाणी आणलं, खाटेखाली वाकली आणि चकतीपाशी ओतलं. चकती किंचाळली, बाहेर मोटर हवेत फिरली. मिनिटाच्या आत फोन.

"काय झालं?"

"सांडलं."

"एवढ्या सकाळी? बरं, पूस मग."

"पुसते," ताई म्हणाली, आणि पुसलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा चमचा, पुन्हा किंकाळी. साहेबांचा आवाज झोपेने जड होता. "आजही?"

"सांडलं."

"तू पाणी नेतेसच कशाला त्या खोलीत?"

तिसऱ्या दिवशी मागे भावजय कुरकुरताना ऐकू आली. साहेब म्हणाले, चकती बिघडली असणार. ताई म्हणाली, चकती धडधाकट आहे, खरंच ओलं आहे, हात लावून बघितलंय. साहेबांनी कपाळाला हात लावला असावा, फोनवर तसा आवाज आला.

चौथ्या दिवशी साहेब म्हणाले, "ताई, काय चाललंय? मला रोज सहाला उठवतेस. दिवसभर डोकं चालत नाही माझं."

"चार दिवस झाले फक्त."

"म्हणजे?"

मग ताईने सांगितलं. खाटेच्या कडेवर बसून, आवाज न चढवता. आई रोज याच वेळी उठायची, असंच ओलं असायचं, आणि ती काय म्हणायची. तिचं वजन किती होतं आणि एकटीने तिला कुशीवर कसं वळवायचं. चादरी किती होत्या. थंडीत त्या वाळायच्या नाहीत तेव्हा ताई त्या स्वतःच्या अंगाखाली घेऊन झोपायची. आईचा तो आवाज कुणाच्या फोनवर जात नव्हता म्हणून तिला एकटीलाच ऐकू यायचा, हेही सांगितलं.

ताई वाट बघत राहिली. पंधरा महिने आणि सात वर्षं जो प्रश्न आला नव्हता, तो यायचा असेल तर आता यायला जागा होती.

"मला हे कुणी सांगितलं नाही," साहेब म्हणाले.

"तू विचारलं नाहीस."

"मग आत्ताच, असं सकाळी सकाळी सांगायलाच हवं का?" त्यांचा आवाज फुटल्यासारखा झाला. "मला नको सांगूस हे. मला आई तशी आठवायची नाहीये." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "मी बघतो काहीतरी."

"काय बघतोस?"

"बघतो ना. ठेव आता."

तो सगळा दिवस ताईचं कामात लक्ष लागलं नाही. एका पुस्तकाची पानं तिने उलटी शिवली आणि पुन्हा उसवली. मी बघतो, म्हणाला. चार वर्षांचा होता तेव्हापासून तो दुसऱ्यालाच सांगत आलाय, हे आण, ते आण. मी बघतो असं त्याच्या तोंडून ती पहिल्यांदा ऐकत होती. येईल कदाचित. आला तर समोर बसेल, आणि मग विचारेल. तिने पाहुण्याची म्हणून ठेवलेली उशी बाहेर काढली, अभ्रा बदलला, आणि मनातल्या मनात आपल्याच भोळेपणाला एक शिवी हासडली. पण अभ्रा बदललेला राहू दिला.

पाचव्या दिवशी सहा वाजता तिने चमचा कलंडला. चकती किंचाळली. मोटर हवेत फिरली. ताई फोन हातात घेऊन खाटेवर बसली. एक मिनिट झालं. तीन झाली. चकती ओरडतच होती, खालून मास्तरांनी छताला काठी ठोकली. ताईने चष्मा लावून अ‍ॅप उघडलं. सगळ्यांत वर नवा निरोप होता: "मालकांनी 'आईची खोली' इथल्या सूचना बंद केल्या आहेत."

बघितलं होतं त्यांनी, म्हटल्याप्रमाणे. साहेबांना चार सकाळी पुरल्या होत्या.

तिने चष्मा काढून ठेवला. फडकं खाटेच्या दांडीवरच होतं, जिथे सात वर्षं असायचं तिथेच. ती गुडघ्यांवर टेकली, हात लांब करून खाटेखाली घातला. चकती तिच्या कानाशी एकसारखी ओरडत होती.

"असू दे," ताई तिला म्हणाली, "पुसते."